गोजरबाईचं शेत आणि सूर्याचा वारा

आमचे हे, म्हणजे विष्णुपंत, अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी. घरातला फ्यूज उडाला की वायरमनला बोलवायचं, आणि वेड मात्र अंतराळातल्या विजेचं! एकोणनव्वद साली चिखलोलीच्या शाळेने विज्ञान दिनाला ह्यांचं भाषण ठेवलं. झालं, स्वारी खूश. मीही गेले सोबत.

ह्यांनी फळ्यावर सूर्य काढला. सूर्यातून विजेचे कण सुटतात, तो सौरवारा. अवकाशात लांबच लांब तांब्याची तार सोडून ते कण पकडायचे, वीज करायची आणि किरणांनी खाली पाठवायची. ती झेलायला जमिनीवर जाळी.

"केवढी?" मागून कुणीतरी विचारलं.

"समजा, तुमच्या ओढ्यापासून रेल्वेलाइनपर्यंत!" ह्यांनी खडूने ऐटीत गोल काढला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेले गावकरी मात्र खिडकीतून ओढ्याकडे बघत होते.

आम्हाला भाजी देणारी गोजरबाई त्याच गावची. ओढ्याकाठी तिचं शेत. भाषणानंतर ती बरेच दिवस फिरकली नाही. आली ती रिकाम्या हाताने.

"वैनी, आता भाजी दुसरीकडून घ्या. शेत बिल्डरला देतोय. उद्या सही. जाळी यायच्या आत जो भाव मिळंल तो खरा."

ह्यांना हाक मारली, तर हे बनियनवरच धावत बाहेर आले.

"अहो बाई, ती नुसती कल्पना! शंभर वर्षांत होणार नाही. मी आपलं समजावायला तुमचं गाव घेतलं. विकू नका हो, पाया पडतो!" ह्यांना इतकं काकुळतीला आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रागही येत होता आणि कीवही.

गोजरबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमच्या कारखान्याखाली माज्या बापाची जमीन हाय. तवापन एक साहेब घरी आला व्हता. म्हनला, घाबरू नका, काय व्हनार नाय, विकू नका. बाप थांबला. मंग सरकारनं घेतली, कवडीमोल भरपाई टेकवली हातावर."

"पण मी सरकारचा माणूस नाही!"

"त्योबी असंच म्हनला व्हता."

हे आणखी काही बोलणार, तोच मी त्यांचा दंड धरला. "पुरे आता. आत चला," म्हटलं. पण उशीर झाला होता. गोजरबाई उद्याची वाट न बघता तशीच बिल्डरकडे गेली आणि त्याच दुपारी सही करून आली.