चेहरा तिचा झाकला, माझा नाही

मी शिलाई मशीन बोलतेय, आणि आज जरा चिडूनच बोलतेय. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या लग्नघरी मनसोक्त खडखडेन. पोहोचले एका संस्थेच्या हॉलमध्ये. मला हार घातला, भाषणं ठोकली आणि सोनिकाच्या हवाली केलं.

सोनिका विशीतली पोर. नोकरीच्या नावाखाली तिला परमुलखात नेऊन विकलं होतं. पोलिसांनी सोडवलं. मग शहराबाहेर मिहानकडच्या एका वस्तीत बायजाबाईंच्या घरी तिनं खोली घेतली. गल्लीत तिचं मागचं कोणालाच ठाऊक नव्हतं. ते तसंच राहावं, एवढंच तिला हवं होतं. बायजाबाईंनी घरात उरलेलं निळ्या फुलांचं मेणकापड दिलं, ते तिनं माझ्या फळीवर चिकटवलं. ब्लाउज, फॉल-पिको येऊ लागले. सुखात होतो आम्ही.

पण संस्थेच्या नंदिनीताईंना चैन पडेल तर ना! उठसूट पाहुणे आणि कॅमेरा घेऊन यायच्या. "सोनिका, शिवतेयस असं दाखव. मान खाली." सुईत दोरा नाही, खाली कापड नाही, आणि मी आपली रिकामीच धावतेय! शेजारी विचारायचे, तेव्हा सोनिका सांगायची, "शिवणक्लासच्या मॅडम आहेत."

एक दिवस त्यातलाच एक फोटो पेपरात छापून आला. खाली नाव बदलून तिची सगळी कहाणी. चेहरा पुसट केलेला. केवढी ती काळजी! आणि निळी फुलं? ती मात्र लख्ख. काय म्हणावं या शहाण्यांना!

बायजाबाई पेपर घेऊन दारात आल्या. "हे आपलंच मेणकापड ना वं?"

सोनिका पिशवीत आपले कपडे भरू लागली.

"कुठं चालली?"

"तुम्ही काढाच्या आधी मीच जाते, काकू."

"तुले कोन काढून राहिलं? ठेव ते पिशवी. माह्या पोलक्याच्या बाह्या राहिल्या अजून."

पण सगळी गल्ली बायजाबाईंसारखी नव्हती. काहीजणींनीही ती फुलं ओळखली आणि त्या आपली कापडं परत घेऊन गेल्या. सोनिका ढसाढसा रडली. मला इतका संताप आला, पण मी करणार काय?

आणि नंदिनीताई? त्या पुन्हा हजर, सोबत नवे पाहुणे. "फोटो किती छान आला गं!" म्हणे.

बायजाबाई उंबऱ्यावरच बसल्या. "फोटो काढाचा असंन तं माहा काढा. नाव बी छापा."

"आपण कोण?" नंदिनीताईंनी विचारलं.

"मी गिऱ्हाईक आहो तिची. तुमाले काय शिवाचं आहे?"

कोणाजवळच कापड नव्हतं. मंडळी आली तशी परतली.

सध्या काम बेताचंच आहे. तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर या, कापड आणि मापाचं ब्लाउज आणा. नवं शिवलेलं घट्ट झालं तर सोनिकाशी खुशाल भांडा. कॅमेरा तेवढा घरी ठेवा.