बेचाळिसावी ओळ

चारुशीलाबाईंनी पोह्यांची बशी नेमकी परिशिष्टाच्या पानावर ठेवली.

"अगं, प्रुफं आहेत ती," विष्णुपंत म्हणाले.

"मग काय झालं? कोरडे आहेत पोहे."

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने आलेली संयोगिता हसली. प्रकाशकाकडे कामाला लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. तिने बशी हळूच उचलून हातात घेतली आणि पान मोकळं केलं. चारुशीलाबाई चहा आणायच्या निमित्ताने आत गेल्या आणि ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

सांगलीच्या शाळेत विष्णुपंतांनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्रिकोणमिती कुठून आली, कशी वाढली, यावर त्यांनी एकच पुस्तक लिहिलं आणि तेही चौऱ्याण्णव साली. आता एकतीस वर्षांनी त्याची दुसरी आवृत्ती निघत होती. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला याहून मोठा सण कोणता? गेला आठवडाभर ते रोज दाढी करत होते.

पुस्तकाच्या शेवटी ज्या-सारणी होती. ज्या म्हणजे धनुष्याच्या दोरीचा अर्धा भाग. आजची मुलं त्याला साइन म्हणतात. आर्यभटाने अशा चोवीस ज्या दिल्या. मधल्या अंशांच्या या चोविसांवरून काढायच्या, त्याही कॅल्क्युलेटरला हात न लावता, असा विष्णुपंतांचा हट्ट होता. जुन्या लोकांनी काय कष्ट उपसले ते वाचकाला कळलं पाहिजे, म्हणे. हट्ट मास्तरांचा, कष्ट मात्र चारुशीलाबाईंचे. त्या वाईच्या, पंचांगकर्त्याची मुलगी. आकडेमोड लहानपणापासून हातात बसलेली. नव्वद ओळी त्यांनी स्वयंपाकघरात बसून केल्या. मास्तर नाव छापायचं म्हणाले, तर त्यांनीच साफ नाही म्हटलं. "लोक म्हणतील, मास्तरांना येईना म्हणून बायकोला बसवलं."

पुस्तक छापून आलं आणि आठव्या दिवशी चारुशीलाबाईंना चूक सापडली. बेचाळीस अंशांची ओळ. बावीसशे सदुसष्टमध्ये तेहेतीस मिळवायचे, तेवीसशे व्हायला हवेत. तिथे बावीसशे नव्वद छापलेले. सात नि तीन दहा, शून्य मांडलं आणि हातचा एक धरायचा राहून गेला. दूध उतू गेलं होतं तेव्हा, त्यांना पक्कं आठवत होतं.

चूक तरी कसली करावी? 'हातचा विसरला तो गणित विसरला' म्हणून ज्या माणसाने शाळेच्या तीन पिढ्यांचे कान उपटले, त्याच माणसाच्या पुस्तकात हातचा विसरलेला. चारुशीलाबाईंच्या जिवाला ते फार लागलं. नवऱ्याचं एकुलतं एक पुस्तक, आणि त्याला डाग आपल्या हातून. सांगायला त्या दोनदा तोंड उघडून गप्प बसल्या. मग घरात उरलेल्या बारा प्रतींमध्ये त्यांनी गुपचूप निळ्या शाईने दुरुस्ती केली. टेबलाच्या खणातल्या मास्तरांच्या स्वतःच्या प्रतीला तेवढा हात लावला नाही. ती कुणाच्या हाती जायची नव्हती.

पण दुसऱ्या आवृत्तीसाठी साताऱ्याला प्रकाशकाकडे प्रत पाठवायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी खणातलीच प्रत दिली. बारा सोडून नेमकी तेरावी.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा संयोगिताचं बोट पानावर होतं.

"सर, एक विचारू? आमचे वडील तोफखान्यात होते. ते म्हणायचे, 'एक आकडा चुकला तर गोळा दुसऱ्याच्या रानात पडतोय गं.' तवापासून मला खोडच लागली, सारणी दिसली की वजाबाक्या करत सुटायचं."

"चांगली खोड आहे."

"एक्केचाळिसाला सेहेचाळीस वाढलेत. त्रेचाळिसाला चौपन्न. मधल्या बेचाळिसाला पस्तीसच. तिथं कायतरी गडबड हाय सर." मग तिचं तिलाच लक्षात येऊन ती म्हणाली, "आहे."

चारुशीलाबाईंनी कप ठेवला.

"ती चूक—" त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं गिळलेलं वाक्य आज तोंडाशी आलं होतं, पण संयोगिता पिशवीतून जुनी प्रत काढत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"आणि सर, तुमच्या प्रतीत या ओळीशेजारी पेन्सिलनं बारीक एकचा आकडा लिहिलाय. कंपोझिटरला काय कळेना. खाली तारीख हाय, सतरा ऑगस्ट चौऱ्याण्णव."

"हातचा आहे तो," विष्णुपंत म्हणाले.

सतरा ऑगस्टला पुस्तकांचा गठ्ठा घरी आला होता. चारुशीलाबाईंनी त्या दिवशी शिरा केला होता. म्हणजे यांना त्याच दिवशी कळलं. आपल्याला कळायच्या आठ दिवस आधी. त्या खुर्चीत बसल्या.

"मग तवाच शुद्धिपत्र का न्हाई घातलं?" संयोगिताने विचारलं.

विष्णुपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "चौथं प्रकरण वाचलंस ना? या सारण्या इथून बगदादला गेल्या, तिथून पुढे युरोपात. नकलणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. मग कुणाची सारणी कुणाकडे गेली हे कशावरून ओळखायचं? आकडे बरोबर असले तर सगळ्यांचे सारखेच. ओळख पटते ती चुकीवरून. एकाची चूक दुसऱ्याच्या वहीत दिसली की समजायचं, माल इथून गेलाय."

"ते वाचलं."

"ही सारणी माझी नाही. जिची आहे तिनं नाव घालू दिलं नाही. अख्ख्या पुस्तकात तिची म्हणून एवढीच खूण होती. ती मी पुसायची होय?"

संयोगिताने एकदा सरांकडे, एकदा काकूंकडे पाहिलं आणि ती पोहे खाऊ लागली.

"एकतीस वर्षं बोलला नाहीत," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"तू तरी कुठे बोललीस? बारा प्रतींत निळी शाई कुणाची, ते मला काय दिसत नव्हतं?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं ना. तू सांगत नाहीस याचं वाटलं."

त्यांनी पदराने डोळे टिपले, लपवले नाहीत. शाळेत कुणाला एका मार्काची सूट न देणारा हा माणूस. त्याने बायकोची चूक एवढी वर्षं खणात जपून ठेवली होती.

विष्णुपंतांनी लाल पेन टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं. "कर दुरुस्त. ज्याचं गणित त्यानंच."

त्यांनी बावीसशे नव्वदवर आडवी रेघ मारली. शेजारी तेवीसशे लिहिलं. सत्त्याहत्तराव्या वर्षीही आकडे वळणदार आले.

"काकू, दुरुस्ती करणाऱ्याची समासात सही लागते," संयोगिता म्हणाली. "आमच्याकडं तशी पद्धत हाय."

चारुशीलाबाईंनी सही केली, आडनावासकट पूर्ण नाव. संयोगिताने पान आपल्याकडे ओढलं, सारणीच्या मथळ्याखाली मोकळी जागा होती तिकडे समासातून एक बाण काढला आणि विचारलं, "हेच नाव इथं घ्यायचं ना?"

विष्णुपंत खिडकीबाहेर बघत राहिले. या वेळी ते काही सांगणार नव्हते.

चारुशीलाबाईंनी ते पान पुन्हा पुढ्यात घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"थांब," त्या म्हणाल्या, "शीची वेलांटी नीट आली नाही. परत लिहून देते."