तागडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. धान्य मोजायची, मेळघाटच्या सागाची. आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने मी जळकी आहे.

चांदूर बाजारच्या सुताराने मला कोरलं, काठाला पितळी पट्टी ठोकली आणि अमरावतीच्या किसनरावांनी मला त्यांच्या दुकानात आणलं. दुकान घरचंच. किसनराव गादीवर, त्यांची बायको गोदाबाई मापावर. सगळा मोहल्ला आमच्याकडून जवारी न्यायचा. गोदाबाई मला काठोकाठ भरायच्या आणि वर दाण्यांची निमुळती रास, म्हणजे शीग, लावायच्या. ती वरची शीग गिऱ्हाइकाची, तिचा पैसा नाही घ्यायचा. लोक म्हणायचे, माप पाहावं तर गोदाबाईंचं. मग मी तोऱ्यात का असू नये?

पुढे साता समुद्रापार अमेरिकेत लढाई जुंपली. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. भाव असा चढला की जो तो जवारी सोडून पऱ्हाटी पेरू लागला. आमच्या दुकानात कापूस तोलायला लोखंडी तागडी आली. सवतच म्हणा ना! तिला मधल्या तुळईला टांगलं, हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले. मला पोत्यांमागे ढकललं. किसनराव तिच्या कड्यांना तेल द्यायचे, लोक तिच्याभोवती जमायचे, आणि माझ्यात उंदरीने पिल्लं घातली. मेलीच्या साखळ्या तुटाव्यात, असं मला रोज वाटायचं.

पुढल्या साली बाजारात जवारीच दिसेना. घरोघरी कापसाचा पैसा होता, पण चुलीवर ठेवायला दाणा नव्हता. मोहल्ल्याला आसरा उरला तो आमच्या अंगणातल्या पेवाचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठाराचा. एका दलालाला त्याचा सुगावा लागला. अख्खं पेव तोलून नेतो, मागाल तो भाव देतो, म्हणाला. किसनरावांनी लगेच तागडीची पारडी पुसायला घेतली. झालं! माझी जवारीही आता त्या सवतीच्या पदरात पडणार, म्हणून मी धुमसत राहिले.

तेवढ्यात गोदाबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांनी मला पोत्यांमागून ओढलं, पदराने पुसलं आणि पेवाच्या तोंडाशी ठेवलं.

"ही जवारी तागडीवर नाई जायची," त्या म्हणाल्या. "मोहल्ल्याले पायलीनं देऊ, नेहमीच्या भावात."

"असा भाव पुन्हा येनार नाई," किसनराव म्हणाले.

"नाई तर नाई. शेजारचे लोकं काय कापूस शिजवून खातीन? अन् तागडीले शीग लावता येते काय तुमाले?"

किसनरावांनी पारडी पुसायचं फडकं खाली ठेवलं. दलाल वाट पाहून निघून गेला.

मग मी पुन्हा भरू लागले. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, अशी आमची रीत. गोदाबाईंचा तो 'लाभ' ऐकला की मी ठसक्यात वर तागडीकडे पाहायची.

पेवाचा तळ लागला तेव्हा घरासाठी राखलेली पायलीभर जवारी आणि वर दोन मुठी उरल्या होत्या. नेमक्या तेव्हा शेजारच्या दुर्गाबाई आल्या. त्यांची सून बाळंत झालेली, घरात दाणा नाही. गोदाबाईंनी मला काठोकाठ भरलं. पेवाचा तळ पाहून दुर्गाबाईच ओशाळल्या, शीग राहू द्या म्हणाल्या. गोदाबाईंनी ऐकलं नाही. उरलेल्या दोन्ही मुठींची शीग लावली आणि सगळं त्यांच्या पदरात ओतलं.

दुर्गाबाई गेल्यावर किसनराव गादीवरून उतरले. जमिनीवर बसून, शिगेतून सांडलेले दाणे एकेक करून वेचू लागले. त्या दिवशी आमच्या घरात तेवढेच शिजले.

तागडीने वरून सगळं पाहिलं. जळली असेल. जळू दे.

मित्रांनो, जुनी मापं पोत्यांमागे टाकू नका, पुसून जपून ठेवा. आणि कुणाला मोजून देताना वरून हात फिरवून शीग पाडू नका. उपाशी माणसाची नजर आधी तिच्यावरच जाते.