मोहफुलांची टोपली

“चित्र काढ, पण देवाले दाखवेपर्यंत एकबी फूल उष्टं होऊ देऊ नको,” असं बजावूनच रानात फुलं वेचणाऱ्या बुधरीबाईनं हंगामातल्या पहिल्या मोहफुलांची टोपली अनसूयेच्या हवाली केली होती.

वर्षभर पितळी फुलदाण्या रेखाटून विटलेल्या अनसूयेनं चांद्याच्या चित्रवर्गात ती टोपली मांडली. मास्तर हसले. “दारूचं सामान काऊन आणलं, बाई? सफरचंदं मांड!” आणि त्यांनी एक फूल तोंडात टाकलं.

अनसूयेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “इथी सफरचंद पाह्यलं कोणं, मास्तर? अन् देवाचा घास उष्टा केला तुम्ही!”

“एका फुलानं काय होते?”

“सारी टोपली बाटते!”

तिनं मास्तरांच्या नाकावर टिच्चून मोहफुलंच रंगवली. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाऊन, तोंडात पाण्याचा थेंबही न घेता, देवासाठी नवी फुलं वेचायला ती रिकामी टोपली घेऊन मोहाच्या झाडाकडे निघाली.