नुसतं पाणी

लसीकरणाच्या खोलीत सिस्टरबाईंची शिस्त म्हणजे शिस्त. बाटली उघडली की तिच्यावर वेळ लिहायची आणि शेवटचं मूल रडून गेलं की रिकाम्या बाटल्या मोजायच्या. त्या दुपारी मोजल्या आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. गोवराच्या लशीची पूड एका बाटलीत येते, ती विरघळवायचं पाणी दुसरीत. पाण्याच्या चार बाटल्या रिकाम्या होत्या, पुडीच्या तीनच. चौथी बर्फाच्या पेटीत, सील न मोडता, शहाण्यासारखी बसून होती.

पुडीच्या बाटल्यांवर साडेनऊ, सव्वादहा आणि बारा अशा वेळा होत्या. पाण्याच्या एका बाटलीवर अकरा लिहिलं होतं, पण पुडीची अकराची बाटलीच नव्हती. अकराला एकीकडे फोन, एकीकडे रडारड, आणि त्या गडबडीत बाईंनी पूड न मिसळता नुसतं पाणीच सुईत भरलं होतं. वहीत त्या वेळेला अकरा ते पंधरा नंबरची पाच बाळं होती आणि त्यांची पाचही घरं आता निर्धास्त होती.

पाण्याने कुणाला काही होणार नव्हतं. हीच तर पंचाईत! गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. एकोणतीस वर्षांत एक बोट उठलं नव्हतं त्यांच्यावर. क्षणभर पेटीतली ती न उघडलेली बाटली गुपचूप फेकून द्यावीशी वाटली. मग तेरा नंबरची टकली पोर आठवली, सुई टोचल्यावरही हसलेली. तिला गोवराने गाठलं तर? बाईंना स्वतःचीच लाज वाटली आणि त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

"पुन्हा दिली तर धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "वर मी कळवतो. घरोघरी मी जाऊ का?"

"सुई माझ्या हातात होती, साहेब. मीच जाते."

टकलीचे आजोबा म्हणजे रांग दोन मिनिटं अडली तरी दवाखाना डोक्यावर घेणारे गृहस्थ. बाई आधी तिथेच गेल्या. आजोबांनी सगळं ऐकलं आणि ते लालबुंद झाले.

"म्हणजे माझ्या नातीला पाणी टोचलंत?"

"हो. चूक माझी. तुम्ही म्हणाल तर आत्ता लस देते."

"आणि तुम्ही सांगितलं नसतंत तर?"

"तुम्हाला कधीच कळलं नसतं."

आजोबांनी चष्मा लावला. "माझ्यासमोर मिसळा."

पूड विरघळेपर्यंत त्यांनी बाटलीवरून नजर हलवली नाही. सुई टोचताना मात्र तोंड फिरवून उभे राहिले. या वेळी पोरीने असं भोकाड पसरलं की बाईंचे डोळे भरून आले.

"आता खरी दिसतेय लस," आजोबा पुटपुटले आणि चपला घालू लागले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"उरलेल्या चार घरी. तुम्ही टोचा. कुणी भांडायला उठलं तर मी आहे. त्या कामाचा माझा अनुभव तुमच्या नोकरीहून जुना आहे."

सिस्टरबाईंनी पेटी त्यांच्या हातात दिली आणि दुपारपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.