सिद्धम्मा काकूंचं लेबल

“ह्यो काय मेलाय व्हय? हितं उभा हाय की!” काशम्माक्कानं नवऱ्याचा दंड धरून त्याला काउंटरपर्यंत ढकललं. “हात लावून बघ! गरम लागतोय का न्हाय?”

महादेवप्पा काका पान चघळत काउंटरला टेकले.

काशम्माक्काच्या हातात लग्नाच्या पत्रिकेचं पाकीट हुतं. वर आमच्या दुकानात छापलेलं लेबल : ‘गं.भा. काशम्मा’. नवरा जिता असलेल्या बाईला गंगाभागीरथी. तिच्या मागनं तिचा तम्मा, म्हंजे धाकटा भाऊ शंकरप्पा, घाम पुसत आला. एमआयडीसीत टॉवेलचे माग हायेत त्याचे. त्याच्याच राजेश्वरीचं लग्न.

“तम्मा, तुझ्या पोरीच्या मांडवात मी पांढऱ्या कपाळानं येऊ का आता?”

“अक्का, जरा हळू की. रस्त्यावरची माणसं बघायलीत.”

“बघू दे!”

आमचा मालक गुरुअण्णा लगेच माझ्यावर फिरला. “धुळ्या, काय करून ठेवलंस रं?”

“मला काय विचारता? ते मोकळं कॉलम कुणी घातलं, सोताला विचारा की.”

“उलट बोलतोस व्हय?”

“खरं बोलतोय.”

झालं असं. राजेश्वरीताईचा हट्ट, की घरातल्या बायकांना नवऱ्याच्या पत्रिकेत घुसडायचं न्हाय, ज्येच्या त्येच्या नावानं येगळं पाकीट जायला पायजे. तिनं एक्सेलमधी बायकांची यादी केली. पहिल्या कॉलमात सौ. नायतर गं.भा., मग नाव, पत्ता, गाव. ती यादी वर्डला जोडून मेल मर्ज मारलं की कागदभर लेबलं आपोआप भरत्यात, एकेका चौकटीत एकेक बाई. पण गुरुअण्णाला सगळं देखणं लागतं. गच्च दिसतंय म्हणून त्यानं सौ. आणि नावाच्या मधी एक कॉलम मोकळं सोडलं. वर मला म्हणला, गावाप्रमाणं लाव, गठ्ठे बांधायला सोपं जातंय. मी लावलं. मधी मोकळं कॉलम आलं की एक्सेल त्येच्या पलीकडं जातच न्हाय. नावं, पत्ते, गावं सगळी हलली, सौ. आणि गं.भा. जाग्यावरच ऱ्हायले. कुणाचं कुंकू कुणाला गेलं, पत्ताच न्हाय. एकदा बघायला पायजे हुतं मी. पण अण्णा पाठीमागं उभा ऱ्हाऊन “मार प्रिंट, मार प्रिंट” करत हुता. डोस्कं फिरलं, मारली.

शंकरप्पानं खुर्ची ओढली. “हे बघ, अक्काला नवीन करून दे. गावातल्या ज्या वाटायच्या ऱ्हायल्यात, त्या दुरुस्त कर. बाहेरगावच्या काल पोस्टात पडल्या. तितं ज्या बायका बोंबलतील त्यांना मी फोन करतो.”

“आणि सिद्धम्मा काकूला?” मी यादी बघत विचारलं. तिच्या नावाला सौ. लागलं हुतं.

“कोन सिद्धम्मा?” गुरुअण्णा म्हणला.

“माझी चुलत भावजय. बार्शीला असती,” शंकरप्पा म्हणला, आणि हात झटकला. “तिला सौ. गेलं असंल. ती काय भांडायला येणार हाय व्हय? गप बसंल.”

ते नाव राजेश्वरीताईनं माझ्या शेजारी बसून टाईप केलं हुतं. सवयीनं आधी सौ. टाकलं. मग थांबली. बॅकस्पेस दाबत एकेक अक्षर पुसलं. गं.भा. लिहिलं आणि हात तसाच माऊसवर. “दिवाळीत काका गेले रं,” म्हणली. “मला सायकल त्यांनीच शिकवली.” आमच्या आप्पाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी गॅसवाल्याचा मेसेज अजून त्याच्याच नावानं येतो. आई वाचत न्हाय. मोबाईल माझ्याकडं सरकवती.

“जी वरडती तिला नवीन पाकीट,” मी म्हणलं, “आणि जी गप बसती तिला कायपण चालतंय व्हय?”

“आवाज खाली!” गुरुअण्णानं टेबल आपटलं.

“न्हाय करत!”

तेवढ्यात काशम्माक्का खुर्चीच्या दांडीला धरून हळूच खाली बसली. “सिद्धीला सौ. गेलं?” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “अय्यो. तिच्या बांगड्या उतरवताना मीच धरली हुती तिला.” मग शंकरप्पाकडं बघून म्हणली, “तम्मा, तू आता बोलूच नको.”

मी कॉम्प्युटरला बसलो. ते मोकळं कॉलम उडवलं. राजेश्वरीताईला फोन लावला. “ताई, बार्शीच्या काकूंच्या नावाआधी काय टाकू?”

ती म्हणली, “कायच नको. ‘सिद्धम्मा काकू’, एवढंच.”

लेबलातनं मी सौ.ची जागाच काढून टाकली. एकच लेबल छापलं, नव्या पाकिटावर चिकटवलं. गुरुअण्णा डोकावला. “नुसतं काकू? पोस्टमन हसंल.”

“पोस्टानं कोण धाडतंय? मी जाणार.”

“बार्शीला? आणि हितं शाळेच्या पोरांची ओळखपत्रं कोन करणार, तुझा आजा? आज गेलास तर उद्या तोंड दाखवू नको.”

“न्हाय दाखवत.”

“ओ,” काशम्माक्का नवऱ्याला म्हणली, “बघताय काय? पोराला स्टँडवर सोडून या. माझं लेबल मागनं हुईल.”

महादेवप्पा काकांनी गाडी अशी पळवली, की मी दोनदा सीटवरनं उडालो. उतरताना तेवढंच बोलले, “तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं ऱ्हाऊ नको. पाकीट दे, पाणी माग.”

आता स्टँडवर बसून मोबाईलवर हे लिहितोय, गाडी लागंपर्यंत. बार्शीच्या पोस्टात जाऊन मागितलं तरी दुसऱ्याचं टपाल माझ्या हातात देणार न्हाईत. म्हणून सरळ काकूंच्या दारात. पोस्टमन माझ्या मागनं आला तर बरं, जुनं पाकीट मीच मागून घेईन काकूंकडनं, फोडायच्या आत. माझ्या आधी येऊन गेला असंल तर? चूक मशिनची म्हणू का माझी म्हणू? का आधी पाणीच मागू? शेजारचा म्हातारा सारखा वाकून बघतोय, काय लिहितोस म्हणून. तुमाला काय करायचंय, म्हणलं.

बार्शी गाडी लागली. माणसं खिडकीतनं रुमाल टाकायलीत. मला निघायला पायजे आता.