लाल पट्टीवरचा मंडप

जरा बाजूला सरका बघू. हो, तुम्हालाच म्हणतेय. गाडी उभी करून फोनवर बोलताय ना, ती ज्या जागेवर उभी आहे ती मीच. मी बसची पट्टी बोलतेय. कन्हानकडून सीताबर्डीला येणाऱ्या रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठड्याच्या आत जी लाल वाट दिसते, ती मी. फायलीत माझं नाव भलतंच लांबलचक आहे. लोक आपले मला लाल पट्टी म्हणतात आणि मलाही तेच बरं वाटतं.

माझा जन्म तसा नवा नाही. आधी मी याच रस्त्यात मिसळून गेलेली होते. कोळशाचे ट्रक, ऑटो, दुधाच्या गाड्या, हातठेले, सगळं माझ्या अंगावरून एकमेकांना ढकलत जायचं. त्यात सिटीबसची गत सर्वांत वाईट. कन्हानहून कामावर निघालेला माणूस दुपारचा डबा रस्त्यातच उघडायचा, कारण दुकानात पोचेपर्यंत तो आंबून जाईल अशी त्याला खात्री असायची.

मग एकदा मोजमाप करणारी माणसं आली आणि मला रस्त्यातून वेगळं काढलं. पहिल्या खेपेला नुसता लाल रंग फासला. लोकांना वाटलं, रस्ता छान सजवला! आणि आधीच्यासारखेच सगळे माझ्यावरून जाऊ लागले. मला रडूच आलं होतं. वर्षभरानं माणसं पुन्हा आली, चुका बघून गेली. दोन्ही बाजूंनी कठडे लागले. थांबे कडेवरून उचलून रस्त्याच्या मधे आणले, बसला उजव्या बाजूनं दारं बसवली. थांब्याच्या पलीकडून परतीच्या बससाठी माझी जुळी बहीण गेली. थांबा संपला की आम्ही दोघी एकमेकींना खेटूनच चालतो.

आता बस माझ्यावरून सरसर जाते. दोन्हीकडे गाड्या तुंबलेल्या असतात आणि बसमधली माणसं खिडकीतून त्यांच्याकडे बघत निघून जातात. मला फार अभिमान वाटतो त्या वेळी.

पण नागपूरच्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही हो. उन्हाळ्यात थांब्यापाशी माझ्या कडेला कुरडया वाळत पडल्या होत्या. एक बाई तर रोज सकाळी मुलीला स्कुटी शिकवायला माझ्यावरच आणायची. एक वरात आली, नवरदेव घोड्यावर आणि मागून बस हॉर्न देतेय, तर बॅंडवाल्यांनी हॉर्नच्या तालावर वाजवायला सुरुवात केली. ‘दोनच मिनिटं, भाऊ’ हे शब्द मी जितके ऐकलेत तितके बसचे हॉर्नही ऐकले नसतील. मी चिडते, कुरकुरते, पण खरं सांगू का, माणसं दुष्ट नसतात. त्यांना आपलं काम तेवढंच दिसतं.

या सगळ्यांत माझा जीव जडला तो जयवंताबाईंवर. जुन्या नाक्याचा थांबा आहे ना, त्याच्या शेजारच्या वस्तीत त्या राहतात. त्यांच्या दोन्ही किडन्या काम करत नाहीत. एक दिवसाआड रामदासपेठेतल्या दवाखान्यात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. वस्तीत त्याला सगळे ‘मशीनवर जाणं’ म्हणतात. थांब्यावर जायला त्या मला ओलांडतात. सुजलेली पावलं, रबरी चप्पल, आणि पाऊल अगदी हळू टेकवायची सवय. जणू मलाच दुखेल. मागोमाग त्यांचे यजमान देवाजी, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, हातात पिशवी.

“मी नसती तर काय केलं असतं गा तुमी?” त्या विचारायच्या.

“घरी निवांत झोपलो असतो,” देवाजी म्हणायचे, आणि बसमध्ये चढताना त्यांचा दंड घट्ट धरायचे.

पूर्वी त्यांचा सगळा दिवस प्रवासात जायचा. ऑटो परवडायचा नाही आणि जुनी बस कधी पोचेल याचा भरवसा नसायचा. एकदा उशीर झाला म्हणून त्यांची मशीनची पाळी दुसऱ्याला देऊन टाकली होती. मला कठडे लागल्यापासून मशीनची पाळी एकदाही चुकली नाही. कंडक्टर मेघा लांबूनच त्यांना ओळखायची आणि खिडकीजवळची जागा मोकळी करून ठेवायची.

आता मी त्या दसऱ्याचं सांगते.

दसरा म्हणजे आमच्या रस्त्यावर धम्मचक्र प्रवर्तन दिन. गावोगावची माणसं पांढऱ्या कपड्यांत दीक्षाभूमीकडे जातात; पायी, ट्रकमधून, मिळेल त्या गाडीनं. रस्त्यात वस्त्यावस्त्यांमधून त्यांना जेवू घालतात. जयवंताबाईंच्या सासूबाईंनी छप्पन साली दीक्षा घेऊन परतणाऱ्यांना घरातलं होतं नव्हतं ते वाढलं होतं. तेव्हापासून त्या घरचं भोजनदान एकाही वर्षी चुकलेलं नाही. सासूबाईंच्या मागे वाढणी जयवंताबाईंच्या हातात आली.

त्यांचा मुलगा विक्की मंडप-डेकोरेशनवाला. मोकळी जागा दिसली की त्याच्या डोळ्यांना आधी तिथे मंडप दिसतो. दरवर्षी तो रस्त्याच्या कडेला खड्डेखुड्डे बघून मंडप घालायचा. त्या वर्षी कडेला नाली खोदून ठेवलेली. तो माझ्यावर येऊन उभा राहिला, टाच आपटून पाहिली आणि खूश झाला.

“अशी सपाट जागा मिळत नाही बाप्पा! पंगत कशी मस्त बसते पाह्य!”

“आन् बस?” देवाजींनी विचारलं.

“बाबा, दसऱ्याले या रोडनं कधी बस चालली का? दरसाल बंदच राहते.”

चूक होती ती, पण खरंही होतं. आजवर दसऱ्याच्या गर्दीत सिटीबस निघायचीच नाही. निघून करणार काय? पण मला कठडे लागल्यानंतरचा हा पहिलाच दसरा होता, आणि त्या दिवशीही बस धावावी म्हणूनच मला वेगळं काढलं होतं. विक्कीला ते कोणी सांगितलं नाही, त्यानंही कोणाला विचारलं नाही. पहाटे थांब्याच्या थोडं पुढे, मी आणि माझी बहीण, आम्हा दोघींच्या अंगावर त्यानं मंडप उभा केला. माझ्यावर पंगत, बहिणीवर विटांच्या चुली.

घरातला वेगळाच वाद मंडपापर्यंत येऊन चालला होता. दसऱ्यालाच जयवंताबाईंची मशीनची पाळी होती. मधे रविवार आल्यानं आधीच एक दिवस जास्त झालेला.

“एक दिवस मशीनवर नाही गेली तर काही होत नाही,” त्यांनी ठणकावलं होतं. “मी आज कुठीच जात नाही. मले माह्या हातानं वाढायचं हाय.”

“पाय सुजले तुहे. ऐक वं माहं.”

“वर्षभर मीच लोकायच्या हातचं खाऊन राहिली. एक दिवस तर वाढू द्या.”

देवाजींनी पिशवी काखेत मारली आणि ते पत्रावळी मांडायला लागले.

सकाळी बस आली. मंडपासमोर थांबली. मेघा तणतणत उतरली. “ओ दादा, हे काय लावलं? रस्ता सोडा!”

विक्की तिला बघून गडबडला. पण तो घाबरला की जास्तच प्रेमळ होतो. “ताई, सोडतो न. इतक्या लोकायले उठवू कसा? ही पंगत होऊ द्या. तोवर तुमी पण दोन घास खाऊन घ्या.”

आणि काय सांगू, बसमधली माणसं उतरलीसुद्धा! सगळे दीक्षाभूमीलाच निघालेले, भुकेले. ड्रायव्हर आनंदराव आधी नाही नाही म्हणाले आणि मग पत्रावळ घेऊन मांडी घालून बसले. मेघानंही शेवटी हात धुतले. मागून दुसरी बस येऊन थांबली, तिचीही माणसं उतरली. एक पंगत उठायच्या आत दुसरी बसत होती. माझ्यावरची वाहतूक बंद पडली होती आणि सगळे हसत होते. मीसुद्धा थोडी विरघळले. इतकी माणसं माझ्यावर कधी निवांत बसली नव्हती.

जयवंताबाई पांढरी साडी नेसून वाढत होत्या. “घे न बाबू, लाजू नको,” असं प्रत्येकाला म्हणत. भाताचं भांडं हातात घेऊन त्या रांगेच्या मधोमध आल्या आणि थांबल्या. भांडं खाली ठेवलं. मग स्वतःही खाली बसल्या. त्यांचा तळहात माझ्यावर टेकला. थंडगार होता आणि घामानं भिजलेला.

“काय झालं वं?” देवाजी धावले.

“श्वास... पुरून नाही राहिला.”

विक्कीनं अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती गर्दीत लांब कुठेतरी अडकली होती. ऑटो बघायला तो रस्त्यावर पळाला. दोन्ही बाजूंना ट्रक, ट्रॅक्टर, माणसं. पाय ठेवायला जागा नव्हती. एकच वाट मोकळी होती. मी. मंडपाच्या पुढे, थेट सीताबर्डीपर्यंत माझ्यावर एक चाक नव्हतं. आणि बस आणि त्या मोकळ्या वाटेच्या मधे विक्कीचाच मंडप उभा होता.

तो मंडपाकडे बघत राहिला. त्या वेळचं त्याचं तोंड मला अजून आठवतं. लहान मुलासारखं झालं होतं.

“गाठी सोडू का, विक्कीभाऊ?” त्याच्याकडे कामाला असलेल्या एकानं विचारलं. मंडपवाले दोरी कापत नाहीत, गाठ सोडतात. दोर कापणं त्यांच्यात अपशकुन समजतात.

“सोडत काय बसतं! काप! सारं काप!” विक्की ओरडला आणि भाजी चिरायची सुरी उचलून त्यानं स्वतःच पहिला दोर कापला.

मग जे झालं ते मी कसं सांगू! जेवणारी माणसं अर्धी पत्रावळ सोडून उठली. कोणी कापड ओढलं, कोणी बांबू खांद्यावर घेतले. वरून मंडप कोसळायच्या आत भाताची मोठी गंजं, म्हणजे पातेली, कड्यांत बांबू घालून चौघाचौघांनी उचलली. खाली पेटलेल्या चुली, वर उकळतं वरण, आणि कोणी भाजलं म्हणून तक्रार करीना. गडचिरोलीकडची, वर्ध्याकडची माणसं, ज्यांना जयवंताबाईंचं नावही माहीत नव्हतं, ती माझ्यावर वाकून हातांनी पत्रावळी गोळा करत होती. आनंदराव खरकट्या हातानंच स्टिअरिंगवर बसले. देवाजी आणि विक्कीनं बाईंना उचलून बसमध्ये नेलं.

“ही गाडी मधे कुठंच थांबणार नाही!” मेघानं दारातून ओरडून सांगितलं.

बस निघाली. सांडलेल्या भातावरून तिची चाकं गेली, आणि मग मी होते आणि ती होती. मी माझ्या सगळ्या लांबीनं तिला पुढे पुढे नेत होते. एवढी जोरात बस माझ्यावरून कधी गेली नव्हती आणि मला ती तरीही हळूच वाटत होती. बर्डीला मी संपते. तिथून रामदासपेठेपर्यंत पुढचा रस्ता माझा नाही. बस माझ्यावरून उतरली आणि पुढचं मला काही कळेना.

तो दिवस फार वाईट गेला. बसगाड्या परत सुरू झाल्या. प्रत्येक परतीच्या बसच्या वेळी मी बहिणीला विचारायचे, आले का कोणी? संध्याकाळी देवाजी एकटेच उतरले. हातात रिकामी पिशवी. आईला दवाखान्यात आत नेल्यावर विक्की दुपारीच मंडपाचं सामान आवरायला परत आला होता. कापलेले दोर गोळा करत थांब्याखालीच बसला होता. त्यानं बापाला एकटंच येताना पाहिलं.

“आई?” त्यानं विचारलं.

देवाजी त्याच्या शेजारी बसले. “हाय. मशीननं पाणी काढलं. झोपून हाय आता. डॉक्टरबाई म्हणे, अजून थोडा उशीर केला असता तर...” त्यांनी डोळे पुसले. “जाग आली तर मलेच विचारते, शेवटच्या पंगतीले भात पुरला का?”

विक्की हसायला गेला आणि हुंदका फुटला. बापलेक माझ्या कडेला बसून रडले. मला हात असते तर दोघांच्या पाठीवरून फिरवले असते.

त्यानंतर कोणी सांगायला न येता वस्तीच माझ्याकडे बघू लागली. स्कुटीवाली मैदानात गेली. कुरडया गच्चीवर गेल्या. एखादा दुचाकीवाला कठड्याच्या फटीतून आत शिरला की पानठेल्यावरची माणसं त्याला हटकतात. अजून शिरतात काहीजण, नाही असं नाही. आणि कुठे कुठे माझा रंगही उडालाय.

पुढच्या दसऱ्याला नाली बुजली होती. विक्कीनं मंडप कडेला घातला. जयवंताबाईंची मशीनची पाळी नेमकी त्याही दिवशी आली. या वेळी त्या वाद न घालता निघाल्या. पांढरी साडी नेसून मला ओलांडलं, तशाच हळू पावलांनी. विक्की भाताचं भांडं घेऊन थांब्यावर आला.

“आई, गाडीतल्या लोकायले पहिला घास तू वाढ. मी आनंदरावले सांगतो, गाडी दोन मिनिटं थांबवते.”

बस आली. दारं उघडली. आत पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती. मागच्या बाकावर एक माणूस मान टाकून बसला होता, हाताला दवाखान्याची पट्टी बांधलेली, शेजारी त्याची बायको. जयवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग भाताकडे पाहिलं. हात उचलला आणि परत खाली घेतला.

“नाही बापू,” त्या म्हणाल्या. “दामिनीले वाढू दे. तुही बायको हाय, तिचाही हात लागू दे आता. बस नको थांबवू.”

आणि त्या चढल्या. बस मंडपासमोरून गेली तेव्हा खिडकीत त्यांचे जोडलेले हात दिसले. मंडपातून कितीतरी हात वर झाले, “जयभीम, माय!” असा पुकारा झाला. बस थांबली नाही. त्यांना ते वाढणं किती हवं होतं हे मला ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी मी त्यांची बस जपून नेली.

तर बाबांनो, माझं मागणं एवढंच. मी मोकळी दिसले तर जागा वाया चालली असं म्हणू नका. मागून कोणीतरी येत असतं, आणि त्याला पोचायचं असतं. घ्या, ती बघा, आलीच बस. सरका.